तीस सेकंदांचा अबोला

माझी धाकटी मावशी खुर्चीत बसते तेव्हा बसल्यासारखी वाटतच नाही. एक पाय मांडीखाली, दुसरा जमिनीवर, पण त्याचीही टाच उचललेली. शर्यतीत शिट्टीची वाट बघणारी मुलगी असावी तशी. घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात. पायाला भिंगरी असलेली माणसं निदान हिंडतात तरी. ही एका जागी राहूनही फिरत असते. चहाचं पाणी उकळेपर्यंत ओट्यावरचे डबे उंचीप्रमाणे लागलेले असतात आणि चहा गाळून होईपर्यंत तेच डबे पुन्हा रंगाप्रमाणे. लग्नाच्या चोवीस वर्षांत तिने सात घरं बदलली. काकांना सकाळी जाग आली की आधी खिडकी कुठल्या बाजूला आहे ते शोधावं लागतं, असं आई म्हणते.

काकांचं चष्म्याच्या काचा घासायचं छोटं दुकान आहे. दिवसभर ते एका काचेवर वाकलेले असतात. दिवसाला त्यांची चार वाक्यं होतात, त्यातली तीन गिऱ्हाइकांना लागतात. उरलेलं एक मावशीच्या वाट्याला येतं आणि ते बहुतेक वेळा ‘हं’ असतं.

मावशीची कंपनी दुसऱ्या संस्थांची फोनची आणि कॉम्प्युटरची नेटवर्कं सांभाळते. पूर्वी या नेटवर्कमध्ये प्रत्येक कामाला एक लोखंडी पेटी असे. एक पेटी पहारेकरी, कोणाला आत सोडायचं ते ठरवणारी. एक पेटी आलेलं काम वाटून देणारी. एक बोलण्याला वाट मोकळी करून देणारी. आता पेट्या गेल्या. तीच कामं करणारे प्रोग्राम दोन-चार मोठ्या कॉम्प्युटरांच्या पोटात चालतात. पहारेकरी हवा असेल तर तो एका फाइलमधून उभा करायचा. त्या फाइलला टेम्पलेट म्हणतात, आणि त्यात लिहिलंय तेवढंच त्या पहारेकऱ्याला कळतं. कुठला फोन कोणाकोणाच्या हातातून पुढे न्यायचा, ती वाट कंट्रोलर नावाचा आणखी एक प्रोग्राम आखून देतो. मावशी टेम्पलेट लिहिते आणि वाटा बदलते. लोखंडाची पेटी हलवायला चार माणसं लागत. ही पेटी पुसून दुसरीकडे उभी करायला तिला दहा मिनिटं पुरतात. सात घरं बदललेल्या बाईला याहून जमणारं काम मिळालं नसतं.

त्या वर्षी तिच्याकडे रुग्णवाहिकेच्या फोनांचं काम आलं. शहरात कुणाला काही झालं की ज्या नंबरवर फोन करायचा, त्या केंद्राच्या सगळ्या लाइनी अजून जुन्या पेट्यांमधून जात होत्या. दोन पहारेकरी पेट्या होत्या. त्यातली एक कायमची बंद पडली. दुसरी चार-पाच दिवसांनी आपली आपण बंद होऊन पुन्हा सुरू व्हायची. तेवढी सहा मिनिटं सबंध शहरात कोणालाही रुग्णवाहिका बोलवता येत नसे. सुटे भाग बनवणं कारखान्याने कधीच थांबवलं होतं. सगळ्या लाइनी नव्या वाटेवर घ्यायच्या, हे काम मावशीच्या तुकडीचं. तारीख दोनदा पुढे गेली होती. तिसरी ठरली ती गुरुवारची, दुपारी तीनची, कारण दुपारी तीन ते चार या तासात लोक सगळ्यात कमी आजारी पडतात. हे तुकडीचे प्रमुख फोनांचा आलेख बघून सांगत. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले हे गृहस्थ हातात नेहमी पट्टी धरल्यासारखं पेन धरत, म्हणून सगळे त्यांना पाठीमागे हेडमास्तर म्हणत.

नव्या वाटेची चाचणी मावशीने केली होती. तिच्या टेबलावरचा एकच फोन त्या वाटेने जायचा. त्यावरून तिने तीन आठवड्यांत तीनशे चाळीस फोन केले. कधी केंद्रावर, कधी ऑफिसमधल्यांच्या घरी, कधी कुणाच्या सासूबाईंना. लाइन तपासायला काहीतरी बोलावं लागतं. मावशीला विषयाची वाण कधीच नव्हती. ती बातम्या वाचून दाखवायची, एकोणतीसचा पाढा म्हणायची, पलीकडच्या माणसाला त्याची खोली कशी लावावी ते सांगायची. हेडमास्तर म्हणाले होते, “बाई, लाइनीची चाचणी आहे की लाइन वापरणाऱ्याची?” पण तीनशे चाळीस फोन स्वच्छ गेले. मावशीने अहवालावर सही केली.

आता त्याच आठवड्यात घरी जे चाललं होतं, तेही सांगायला हवं. रविवारी मावशीने घरमालकांना परस्पर कळवलं की आम्ही घर सोडतोय. काकांना सांगायचं तिच्या मनात होतं, पण आधी घर बघावं, मग सांगावं, असं करत राहिलं. सोमवारी घरमालक काकांच्या दुकानात चष्म्याची दांडी आवळून घ्यायला गेले आणि म्हणाले, “तुम्ही निघालात म्हणे. वाईट वाटलं.” काकांनी दांडी आवळून दिली. घरी आले, पिशवी खुंटीला लावली आणि बोलायचे थांबले.

हा अबोला आहे हे मावशीला कळायलाच दीड दिवस लागला. मंगळवारी रात्री तिच्या लक्षात आलं की ‘हं’सुद्धा येत नाहीये. मग तिनेही बोलणं टाकलं. काकांना त्यात काहीच नवीन नव्हतं, पण मावशीला तो उपासच होता. बुधवारी सकाळी ती कपाटाला म्हणाली, “काही लोकांना वाटतं, घर म्हणजे दात आहे, उपटलं तर रक्त येईल.” कपाट काही बोललं नाही. काकांनी बूट घातले आणि गेले.

गुरुवारी सकाळी ऑफिसच्या दारातच तिला घरमालकांचा निरोप आला: चार वाजता नवे भाडेकरू घर बघायला येतायत, कोणीतरी घरी थांबा. कामाच्या खोलीत मोबाइल नेता येत नाही. दाराबाहेरच्या कप्प्यात ठेवून आत जायचं. मावशीला सहापर्यंत हलता येणार नव्हतं. दार उघडायला काकाच हवे होते. म्हणजे फोन करायला हवा होता. म्हणजे तिला आधी बोलावं लागणार होतं.

साडेबारापर्यंत तिने ते टाळलं. तोवर तिने पाण्याच्या बाटलीला चार जागा दाखवल्या, टेम्पलेटची फाइल तीनदा उघडून तीनदा बंद केली आणि शेजारच्या टेबलाचा ड्रॉवर, तो अडकतो म्हणून, काढून पुन्हा बसवला. मग चाचणीचा फोन उचलून काकांच्या दुकानाचा नंबर फिरवला.

काकांनी उचलला. “हॅलो.”

मावशीने श्वास घेतला आणि थांबली. एवढ्यानेच त्यांनी ओळखायला हवं होतं, आणि त्यांनी ओळखलंही. तिला वाटलं, आता ते विचारतील, काय गं. विचारलं की लगेच सांगून टाकायचं. ते विचारत नव्हते. मीही नाही बोलणार, असं तिने ठरवलं. तिकडे काचा घासायच्या मशीनचाही आवाज नव्हता. ती रिसीव्हरची वायर बोटाला गुंडाळत राहिली. आणि लाइन मेली.

“ठेवला,” मावशी शेजारच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाली. “माझ्यावर फोन ठेवला.”

चोवीस वर्षांत काकांनी कधी फोन आपटला नव्हता. तिने पुन्हा लावला. या वेळी त्यांनी ‘हॅलो’ही म्हटलं नाही. उचलल्याचा खट् आवाज तेवढा आला. ती गप्प, ते गप्प. लाइन पुन्हा मेली.

हात रिकामे राहिले की मावशी काहीतरी उघडते. तिने नव्या पहारेकऱ्याची नोंदवही स्क्रीनवर उघडली. त्यात प्रत्येक फोनची ओळ असते: कधी आला, कुठून, कधी गेला, का गेला. तिला एवढंच बघायचं होतं की फोन त्यांनी किती वेळाने ठेवला. भांडणात ते कामाला आलं असतं. शेवटच्या दोन ओळी तिच्याच होत्या. पहिली: तीस सेकंद शांत, बंद केला. दुसरी: तीस सेकंद शांत, बंद केला.

बंद करणाऱ्याच्या जागी काकांचा फोन नव्हता. पहारेकरी होता.

मावशीची टाच जमिनीला टेकली.

या लाइनींची एक जुनी काटकसर आहे. कोणी बोलत नसेल तेव्हा त्या काही पाठवतच नाहीत. शांतता पाठवण्यात जागा कशाला घालवा. दोन्हीकडची माणसं एकदम गप्प झाली की मधल्या पहारेकऱ्यासमोरून काहीच जात नाही. किती वेळ काही गेलं नाही म्हणजे वाट सोडून दिली असं समजायचं, हा आकडा टेम्पलेटमध्ये लिहावा लागतो. नाही लिहिला तर प्रोग्राम आपल्या मनाने तीस सेकंद धरतो आणि दार लावतो.

तीनशे चाळीस फोनांत मावशी एकदाही तीस सेकंद गप्प बसली नव्हती.

ती हेडमास्तरांच्या टेबलापाशी गेली. ते डबा उघडून बसले होते. तिने सांगितलं. पहिल्यांदा इतक्या भरभर सांगितलं की त्यांनी हात वर केला.

“सावकाश. तुमचं आणि यजमानांचं भांडण झालंय.”

“भांडण नाही सर, अबोला.”

“बरं, अबोला. आणि त्यात फोन कटला. आणि तीनशे चाळीस फोन पास झालेले असताना तुमच्या घरच्या अबोल्यापायी मी तीनचं काम थांबवू?”

“थांबवा म्हणत नाहीये. केंद्राला एकदा विचारू या. त्यांच्याकडे असं दोघं गप्प राहतात का. नसतील राहत, तर प्रश्नच नाही.”

केंद्रात बारा नंबरच्या टेबलावर एक ताई बसत. चाचण्यांमुळे मावशीची त्यांच्याशी ओळख झाली होती. त्यांचं जेवणाचं टेबल भिंतीला लावावं हे मावशीने त्यांना पटवलंही होतं. मावशीने स्पीकर लावून त्यांना विचारलं, फोनवर कधी कोणीच बोलत नाही असं होतं का.

“होतं का काय विचारता,” बारा नंबरच्या ताई म्हणाल्या. “आम्ही काम करतो ते काय मग? माणूस पत्ता सांगतो आणि पडतो. कधी पत्ताही सांगत नाही. मग मी माझ्याकडचा आवाज बंद करते, इथला गोंगाट मध्ये यायला नको म्हणून, आणि कान देते. दार वाजलं, कुत्रं भुंकलं, कोणी कण्हलं तर कळतं. गाडी पोचेपर्यंत लाइन सोडायची नाही असा आमचा नियमच आहे.”

“आणि काहीच ऐकू येत नसेल तर?”

“तर जास्तच सोडायची नाही.”

“सगळ्यात जास्त किती वेळ?” हेडमास्तरांनी विचारलं. चमचा त्यांच्या हातातच होता.

“बावीस मिनिटं. एक आजोबा होते. न्हाणीघरात पडले होते.”

हेडमास्तरांनी डबा बंद केला. तिघांनी मिळून एक फोन करून बघितला: ताई गप्प, मावशी गप्प, हेडमास्तर घड्याळ धरून. तिसाव्या सेकंदाला तो गेला. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

जुन्या पेटीत हा आकडा काय होता ते शोधायला त्यांनी यादी काढली. पेटीतल्या सातशे ओळींपैकी कोणत्या नव्या टेम्पलेटमध्ये घ्यायच्या आणि कोणत्या गाळायच्या, त्याची ती यादी होती. कोण्या काळी कोणीतरी जुन्या पेटीत तीन हजार सहाशे सेकंद लिहून ठेवले होते. एक तास. का, ते लिहिलेलं नव्हतं. त्या ओळीवर पेन्सिलची रेघ होती.

यादीवर तिघांनी काम केलं होतं. कोणत्या रेघेला कोणाचं नाव, असं काही नव्हतं.

“ही कोणी गाळली?” हेडमास्तरांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता.

मावशीला ती दुपार आठवत होती. साडेचारशेव्या ओळीपाशी ती कंटाळली होती. एक तास गप्प बसून कोण फोनवर राहतं, असं तिला वाटलं होतं आणि हात फिरला होता. उरलेल्या दोघांतली एक बाई बाळंतपणाच्या रजेवर होती, एक गृहस्थ दुसऱ्या ऑफिसात गेले होते. गप्प बसली असती तर काहीच झालं नसतं.

“मी,” ती म्हणाली.

हेडमास्तरांनी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. “तारीख पुढे ढकलली तर ती जुनी पेटी तोपर्यंत दोनदा तरी बसणार. कालच बसून उठलीय. ढकलली नाही तर हे तुम्हाला तीनच्या आत दुरुस्त करून दाखवावं लागेल. नुसतं आकडा लिहून नाही. बावीस मिनिटं दोन्हीकडून शांत असलेला फोन टिकलेला मला बघायचाय. पंचवीस धरा. बाहेरच्या फोनवर, जसा खरा येतो तसा. एकदा जरी कटला तरी मी काम रद्द करतो आणि वर कळवतो, का रद्द केलं ते सगळं.”

“ठीक आहे.”

“आणि तुमची सही अहवालावर आहे, बाई.”

“माहीत आहे, सर.”

आकडा लिहायला दहा सेकंद लागले. पण टेम्पलेट बदलली म्हणजे दोन्ही पहारेकरी पुसून नव्याने उभे करायचे, कंट्रोलरला त्यांची ओळख करून द्यायची, वाट पुन्हा जोडायची. दोन वाजून पाच मिनिटांनी ते झालं. आता हवा होता बाहेरचा एक माणूस, जो कामाच्या दिवशी दुपारी पंचवीस मिनिटं फोन कानाला लावून एक अक्षर न बोलता बसेल.

“असं कोण मिळणार,” हेडमास्तर म्हणाले.

“माझ्या ओळखीत एकच आहे,” मावशी म्हणाली.

तिने नंबर फिरवला. उचलल्याचा खट् आवाज आला.

“अहो, मी बोलतेय,” ती म्हणाली. “म्हणजे मी बोलले असं धरू नका. ऑफिसचं काम आहे.”

शांतता.

“मघाशी फोन मी ठेवला नव्हता. तुम्हीही नव्हता ठेवला. मशीनने ठेवला. ते सगळं नंतर. आत्ता पंचवीस मिनिटं फोन कानाला लावून बसायचं. बोलायचं नाही, खोकायचं नाही, काचेचं मशीन लावायचं नाही, गिऱ्हाईक आलं तर खुणेने थांबवायचं. रुग्णवाहिकेच्या लाइनीचा प्रश्न आहे. जमेल?”

“हं,” काका म्हणाले. तीन दिवसांतलं पहिलंच.

“मग सुरू. अळीमिळी गुपचिळी.” खोलीत हेडमास्तर आहेत हे विसरून ती म्हणून गेली.

स्क्रीनवर त्या फोनची ओळ उघडी होती. ओळीच्या टोकाला एक आकडा: किती सेकंद काहीच गेलं नाही. कोणीकडूनही आवाज आला की तो शून्यावर यायचा. एकोणतीस. तीस. एकतीस. मावशीने हेडमास्तरांकडे बघितलं. त्यांनी पेन वर केलं, चालू दे.

पहिली पाच मिनिटं तिने आकडा बघत काढली. सहाव्या मिनिटाला तिचा पाय हलायला लागला. तिने तो मांडीखाली घेतला. मग दुसरा हलायला लागला. कानातली शांतता साधी नव्हती. लाइन काहीच पाठवत नव्हती, त्यामुळे पलीकडे श्वास नाही, रस्ता नाही, दुकानातला पंखा नाही. काका आहेत की फोन टेबलावर ठेवून गेलेत, हे कळायला काही जागाच नव्हती. चोवीस वर्षं ती या माणसाच्या गप्प बसण्याभोवती फिरली होती, त्यावर खोल्या लावल्या, घरं बदलली, पण ते इतकं सलग ऐकायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. तिने टेबलावरचं पेन उचललं. नको म्हणून खाली ठेवलं. पुन्हा उचललं.

अकराव्या मिनिटाला आकडा शून्यावर आला.

“तुम्ही,” हेडमास्तर म्हणाले. “पेनाची टकटक.”

दोन वाजून एकवीस मिनिटं झाली होती. मावशीने पेन त्यांच्याकडे दिलं. पाण्याची बाटली दिली. बांगडी काढून दिली. हेडमास्तरांनी सगळं रुमालात ठेवलं.

“पुन्हा,” ती फोनवर म्हणाली. “माझ्याकडून झालं. पहिल्यापासून. आहात ना?”

“हं.”

“कंटाळला असाल.”

आकडा चालायला लागला.

या वेळी तिने हाताची घडी घातली आणि रिसीव्हर खांद्याने धरला. शाळेतल्यासारखं तोंडावर बोट ठेवायचं तेवढं राहिलं होतं. नवव्या मिनिटाला मानेत कळ आली. बाराव्या मिनिटाला तिला बोलायचं होतं. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, नेहमीप्रमाणे. नुसतं पलीकडे कोणी आहे एवढं बघण्यासाठी काहीतरी टाकायचं होतं, विहिरीत खडा टाकतात तसं. घर बदलायचं म्हणजे काय असतं, ते तिला त्या क्षणी सांगता आलं असतं, असं ती मला म्हणाली. आहे का कोणी आत, एवढंच विचारायचं असतं. पंधराव्या मिनिटाला तिला वाटलं की ते नक्की उठून गेले. ते दुकान बंद करून निघाले, आणि रिसीव्हर काउंटरवर पडलाय. अठराव्या मिनिटाला तिला त्याची खात्रीच झाली. तिने ओठ आत घेतले आणि आकडा बघत राहिली. हजार ऐंशी. हजार एक्याऐंशी. हेडमास्तरांचीही खुर्ची आता करकरत नव्हती. ते उभे राहिले होते.

तेराशे वीस, म्हणजे बावीस मिनिटं. न्हाणीघरातले आजोबा. तिने डोळे मिटले नाहीत.

पंधराशेला हेडमास्तरांनी पेन खाली आणलं. “टिकला,” ते म्हणाले. आकडा शून्यावर गेला आणि पुन्हा चढायला लागला. दोन वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.

मावशीने रिसीव्हर खांद्यावरून हातात घेतला.

“झालं?” पलीकडून काकांनी विचारलं.

“झालं. आहात होय तुम्ही.”

“तूच म्हणालीस बसा म्हणून.”

“गिऱ्हाईक आलं होतं?”

“तिघं. बसलेत बाकावर, गप्प. त्यांना वाटलं, कोणीतरी गेलंय.”

हेडमास्तर रुमाल सोडवत होते आणि न ऐकल्यासारखं करत होते. मावशीने तोंड वळवलं. “चारला माणसं येणारेत,” ती म्हणाली. “घर बघायला. दार उघडाल?”

स्क्रीनवर आकडा सतरापर्यंत गेला.

“उघडेन,” ते म्हणाले. “पण त्यांना सांगून ठेव, घराबरोबर एक माणूस मिळेल. तो जागचा हलायचा नाही. भिंतींबरोबर त्यालाही रंग लावला तरी चालेल.”

मावशीला यावर बरंच सुचलं होतं. पण हेडमास्तर कंट्रोलरचं पान उघडून तिच्या खुर्चीमागे उभे होते.

तीन वाजता तिने वाट बदलली. एक ओळ, एक बटण. जुन्या पेटीकडे जाणारे फोन तिकडेच संपू द्यायचे आणि नवे सगळे इकडून. पहिल्या मिनिटात दोन आले, दुसऱ्यात एकही नाही, तिसऱ्यात चार. सहा मिनिटांनी जुन्या वाटेवर एकच फोन उरला आणि नवव्या मिनिटाला तोही संपला. हेडमास्तर म्हणाले की अहवाल नव्याने लिहावा लागेल, गाळलेल्या ओळीसकट, आणि त्यावर तिचं नाव असेल. ती म्हणाली, लिहिते. त्यांनी डबा पुन्हा उघडला. जेवण गार झालं होतं, तसंच खायला लागले.

नियम असा होता की बदल केला की तासभर तिथेच बसून बघायचं, हात लावायचा नाही. एरवी हा तास मावशीला पेलवत नसे.

चार वाजायला वीस मिनिटं असताना एका ओळीच्या टोकाचा आकडा चढायला लागला. बारा नंबरच्या टेबलावरचा फोन होता. वीस. पंचवीस. तीस झाले, एकतीस झाले आणि तो तसाच पुढे गेला. कोण होतं, कुठून, हे या स्क्रीनवर दिसत नाही. फोन आहे आणि कोणी बोलत नाहीये, एवढंच दिसतं. साठ. नव्वद. मावशी खुर्चीत पुढे सरकली. आकड्याला हात लावण्यासारखं काही नव्हतं. एकशे चाळीस. दोनशे. तिकडे ताई आपला आवाज बंद करून कान देऊन बसल्या असतील. तिथून कोणी कण्हत होतं की नव्हतं, ते फक्त त्यांना माहीत.

दोनशे सदुसष्टला तो शून्यावर आला. मग एक झाला, पुन्हा शून्य. पुन्हा शून्य.

“बोललं कोणीतरी,” मावशी म्हणाली.